दोरीची पेन्सिल

डोंबिवलीच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक खिळा आहे. बाबांनी घर घेतलं त्या वर्षी ठोकलेला. त्यावर दरवर्षी कालनिर्णय लागायचं आणि खिळ्यालाच बांधलेल्या सुतळीला बोटभर पेन्सिल लोंबत असायची. पेन्सिल झिजली की आई मुलांच्या कंपासपेटीतून दुसरी पळवायची. सुतळी मात्र तीच, तेलकट, काळपट झालेली. दूध आलं नाही की त्या तारखेच्या चौकोनात ‘दू’. मावशी आल्या नाहीत की फुली. नवा सिलिंडर लावला की ‘गॅस’. आणि उरलेल्या जागेत आईच्या मुंगीसारख्या अक्षरात कुणाचं बारसं, कुणाचं डोहाळजेवण, कुणाचं तेरावं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली हे कॅलेंडर काढलं ते तिथ्या-सणवार घरोघरी कळावेत म्हणून. पण आमच्याकडे ते निम्मं पंचांग आणि निम्मी खतावणी होतं.

एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नव्हती. मावशींच्या खाड्याची फुली मावशी स्वतः मारायच्या. दुसऱ्या दिवशी कामावर आल्या की पदराला हात पुसायचा, पेन्सिल धरायची, कालच्या तारखेवर फुली. “आजी, मारली हो,” असं आत सांगायचं आणि भांड्यांना लागायचं.

२०२४ च्या गणपतीत आमची फजिती झाली. गणपती ७ सप्टेंबरला, शनिवारी बसले. आमचे गौरींबरोबर जातात. रविवारी संध्याकाळी सगळे आरतीला येतो, असं मी ठाण्याच्या मामांना कबूल केलं होतं. माझ्या बायकोने, मंजिरीने, त्याच संध्याकाळी तिच्या बँकेतल्या आठजणांना दर्शनाला बोलावलं होतं. लेकीची, ईशाची, त्याच वेळी क्लासची जादा परीक्षा होती आणि त्यात ऋषिपंचमी, म्हणजे आईचा वाढदिवस. मामा रुसले, बँकवाल्यांना बटाटेवडे बाहेरून आणून घातले आणि आईसाठी आणलेला नारळीपाक कुणी खाल्ला ते अजून कळलेलं नाही. रात्री मंजिरी म्हणाली, “तुम्ही भिंतीवर लिहिलं असतंत तर मला दिसलं असतं.” मी म्हणालो, “भिंत काय मी लोकलमध्ये घेऊन फिरू?”

मुद्दा खोटा नव्हता. मामांचा फोन आला तेव्हा मी कुर्ल्याला गर्दीत उभा होतो आणि खिळा डोंबिवलीत. म्हणून पुढच्या रविवारी मी लॅपटॉप उघडून बसलो. गूगलचं कॅलेंडर २००६ पासून आहे. मी ऑफिसात वर्षानुवर्षं वापरतोय. ते घराला का लावू नये? ‘आपलं घर’ नावाचं नवं कॅलेंडर केलं. माझा रंग निळा, मंजिरीचा हिरवा, ईशाचा जांभळा, मुलाचा म्हणजे ओंकारचा भगवा, आईचा पिवळा. आईचा मेल आयडी नव्हता, तो काढला. मग एकेकाचा पत्ता घालून त्यांना त्यात घेतलं.

तिथे एक प्रश्न विचारतात: या माणसाला किती अधिकार द्यायचा? चार पायऱ्या असतात. पहिलीत हा माणूस मोकळा आहे की गुंतलेला, एवढंच दिसतं. दुसरीत सगळं दिसतं, पण हात लावता येत नाही. तिसरीत बदल करता येतात. चौथीत आणखी कुणाला सामील करायचं तेही ठरवता येतं. चौथी पायरी अर्थातच माझी. मंजिरी आणि मुलं तिसरीवर. आईलाही तिसरी दिली होती. पण दुसऱ्याच दिवशी तिचं बोट दाबलं जाऊन ईशाची सहामाही तीन दिवस पुढे सरकली आणि ईशाने घर डोक्यावर घेतलं. मी आईला दुसरीवर आणलं. “तुला सगळं दिसेल गं, फक्त चुकून बिघडणार नाही,” असं समजावलं. आई म्हणाली, “बरं.” आमच्या आईचं ‘बरं’ हे दहा प्रकारचं असतं. हे कुठलं होतं ते बघायला मी थांबलो नाही.

त्या बैठकीत तीस-चाळीस नोंदी भरल्या. विम्याचे हप्ते, सोसायटीचा मेंटेनन्स, वाढदिवस. वाढदिवसांना ‘दरवर्षी’ असं लावून टाकायचं, म्हणजे जन्माची चिंता मिटली. आईच्या शाळेच्या दाखल्यावर तारीख १ जून आहे. तिच्या पिढीत अर्ध्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनला झालेला आहे, कारण गुरुजींना शाळाप्रवेशाचं वय जुळवायचं असायचं. त्यामुळे तो दाखला कुणी खरा धरत नाही. आत्ताच तर झाला वाढदिवस, म्हणून मी ८ सप्टेंबर टाकून ‘दरवर्षी’ केलं आणि पुढच्या नावाकडे वळलो.

सुरुवातीचे महिने झकास गेले, हे कबूल करायला हवं. मंजिरीचं ऑडिट आणि माझा पुण्याचा दौरा एका दिवशी आले नाहीत. ईशाच्या दाढेच्या तारखा चुकल्या नाहीत. मामांकडे आम्ही चौघेही वेळेवर पोचलो. मी ऑफिसात दोघा-तिघांना हे दाखवलंसुद्धा. एकदाच गंमत झाली. शनिवारी सकाळी नऊला शेगडी दुरुस्तीवाला येणार म्हणून नोंद होती. आठवण ज्याच्या-त्याच्या फोनवर वेगळी लावावी लागते, ती मी सगळ्यांच्या फोनवर लावून दिली होती. साडेआठला पाचही फोन वाजले. मला वाटलं मंजिरी आहे, मंजिरीला वाटलं मुलं आहेत, मुलांना वाटलं आजी आहे, आणि आई देवळात गेली होती. शेगडीवाला कुलूप बघून गेला. या प्रकाराला आम्ही हसलो आणि विसरलो.

डिसेंबरात आईने विचारलं, “नवीन कालनिर्णय आणायचं ना?” मी म्हणालो, “आता कशाला? सगळं फोनात आहे.” खिळा मोकळा झाला. सुतळी कुणी सोडली ठाऊक नाही. दूध आणि मावशी या दोन नोंदी ओंकारकडे दिल्या. सातवीतला मुलगा, जबाबदारी शिकेल. वर महिन्याला पन्नास रुपये.

मावशींनी जानेवारीत रिकाम्या खिळ्याकडे बघून विचारलं होतं, “दादा, कॅलेंडर कुठं गेलं?”

“मोबाईलवर गेलं, मावशी.”

“आणि माझी फुली?”

“ती ओंकार टाकतो आता. तुम्हाला त्रास नाही.”

“बरं,” मावशी म्हणाल्या. हेही ‘बरं’ मी तपासलं नाही.

आता तिथ्यांचा घोळ सांगतो. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणजे आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी तोकडं. म्हणून सण दरवर्षी अलीकडे सरकतात, आणि फारच सरकले की बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक अधिक महिना येऊन त्यांना पुढे ढकलतो. हे लहानपणापासून ऐकलेलं. पण फोनाला ‘दरवर्षी’ म्हटलं की तो तीच इंग्रजी तारीख धरतो, त्याला ऋषिपंचमी कळत नाही. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला आले. २८ ला ऋषिपंचमी. आईने नेहमीप्रमाणे ऋषीची भाजी केली. सुरण, कणसं, अळूची देठी, पडवळ, बैलाच्या कष्टाचं काही त्यात चालत नाही म्हणून परसात पिकलेलं शोधत ती दोन दिवस बाजार धुंडाळत होती. आम्ही चौघेही पाटावर बसलो, भाजी वाढून घेतली, वर्षातून एकदाच होते म्हणून तोंडभर कौतुक केलं. एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. पाहुण्यांची ये-जा होती खरी. पण सबब ती नाही. फोन वाजला नव्हता, ही सबब आहे.

फोन वाजला ८ सप्टेंबरला. सोमवार होता. मी ऑफिसातून येताना केक घेतला, मंजिरीने गजरा, मुलांनी रिकाम्या खिळ्यावर फुगा टांगला. सातला दिवा लावून आई बाहेर आली, टेबलावरचा केक बघितला आणि म्हणाली, “हे काय?”

“वाढदिवस, आजी!” ओंकार म्हणाला. “कॅलेंडरमध्ये आहे.”

“अरे, काल पौर्णिमा झाली. आजपासून पक्ष लागला.”

आदल्या रात्रीच खग्रास चंद्रग्रहण होऊन गेलं होतं, घरातली भांडीकुंडी धुऊन झाली होती, आणि पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी आम्ही आईपुढे मेणबत्ती घेऊन उभे होतो. मंजिरीचा हात तोंडाशी गेला. आई मात्र हसली. “राहू दे. मुलांना कापू दे. मेणबत्ती तेवढी विझवू नका, देवापाशी ठेवा.” केक तिने खाल्ला नाही, पण समोर बसून आम्हाला खाऊ घातला.

झोपताना मी तिच्या खोलीत गेलो. “तुला दिसत होतं ना फोनात, ८ तारीख चुकीची आहे म्हणून?”

“दिसत होतं की. वर्षभर दिसत होतं.”

“मग बदलायचं नाहीस?”

तिने फोन हातात घेतला, ‘आईचा वाढदिवस’वर बोट ठेवलं आणि पडदा माझ्याकडे केला. “मंजिरीच्या फोनात इथे वर पेन्सिल येते. माझ्याकडे येत नाही.”

खरंच नव्हती. ज्याला हात लावायचा अधिकार नाही त्याला ते पेन्सिलचं चिन्ह दिसतच नाही. “मला सांगायचंस,” मी म्हणालो. “सांगितलं होतं,” ती म्हणाली. “श्रावणात. तू म्हणालास, संध्याकाळी बघू.”

मी तेव्हाच उठून तिला तिसऱ्या पायरीवर घालायला हवं होतं. लॅपटॉप ऑफिसच्या पिशवीत होता, पिशवी बाहेर होती, मी दमलो होतो. उद्या करू म्हटलं. माणसाला एकाच चुकीतून शहाणपण येत असतं तर गोष्ट इथेच संपली असती.

१ ऑक्टोबरला मावशींचा पगार. पोळ्या-भांड्यांचे तीन हजार. महिन्याला दोन सुट्ट्या, त्यावरच्या खाड्याला शंभर कापायचे, हा ठराव जुना. मी फोन बघितला. सप्टेंबरात चार भगव्या पट्ट्या: ‘मावशी नाही’. दोनशे कापून अठ्ठावीसशे पाकिटात घातले.

मावशींनी दारातच पैसे मोजले. “दादा, शंभर कमी आहेत.”

“चार खाडे झाले, मावशी.”

“तीन. पाच तारखेला पोरीला दवाखान्यात नेलं, बारा-तेराला गावाला गेले होते. चौथा कुठला?”

“एकवीस. रविवार.”

“रविवारी सर्वपित्री होती, दादा. मी आले होते.”

ओंकारला हाक मारली. तो म्हणाला, “मी उठलो तेव्हा मावशी नव्हत्याच.” किती वाजता उठलास? साडेनऊला. मावशींच्या घरीही पान वाढायचं होतं, म्हणून त्या साडेसहाला येऊन, भांडी घासून, पोळ्या लाटून आठच्या आत गेल्या होत्या. त्याच पोळ्या हा दुपारी जेवला होता.

मी पाकीट काढलं. “चुकलं, मावशी. हे घ्या शंभर.”

त्यांनी हात पुढे केला नाही. पंधरा वर्षं आमच्याकडे काम करणारी बाई. इतकं ताठ उभं राहिलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. “शंभराचं नाही हो दादा. भिंतीवर असतं आणि माझ्या हाताची फुली असती, तर चारच काय, पाच कापले असते तरी मी गप घेतले असते. आता तुमच्या खिशात माझा हिशेब. तुम्ही सांगाल तो.”

ईशाला तिच्या वयाला शोभेल असा उपाय सुचला. “मग मावशींनापण शेअर करू ना. त्यांच्याकडे फोन आहे.”

“ताई, मला पाच घरं आहेत,” मावशी म्हणाल्या. “पाच घरांची पाच कॅलेंडरं उघडत बसू का? आणि तुमच्या घरात कोण कधी डॉक्टरकडे चाललंय, ते मला कशाला दिसायला पाहिजे?”

या दुसऱ्या वाक्याने ईशा गप्प झाली, आणि तिच्यापेक्षा जास्त मी.

आई तोवर आत गेली होती. तिने कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आली ती आम्हाला हात करून. “जरा इकडे या.”

तिच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने, साड्यांसमोर, २०२५ चं कालनिर्णय लावलेलं होतं. डिसेंबरात मी नको म्हटल्यावर तिने स्वतःच्या पैशांनी आणलं होतं. सुतळीही तिथेच होती, पेन्सिलीसकट. सप्टेंबरच्या पानावर तीन फुल्या: ५, १२, १३. एकवीसच्या चौकोनात लिहिलं होतं, ‘मावशी ६.३० ला, पोळ्या १८’. मावशी पुढे झाल्या, चष्मा नसल्यामुळे पानाला नाक लावून बघितलं आणि म्हणाल्या, “हां.” मग त्यांनी शंभर रुपये घेतले.

त्या गेल्यावर मी पान मागे उलटलं. ऑगस्ट. २८ च्या चौकोनात ‘ऋषिपंचमी’ छापलेलं होतं आणि खाली आईचं मुंगीअक्षर: ‘भाजी झाली. ओंकारने दोनदा घेतली.’

आणखी काही लिहिलेलं नव्हतं. मी बराच वेळ शोधलं.

त्या रात्री लॅपटॉप काढला. आईला तिसऱ्या पायरीवर घेतलं. तिने पेन्सिल आली का ते स्वतः बघून घेतलं, माझ्या शब्दावर ठेवलं नाही. ८ सप्टेंबरचा ‘दरवर्षी’ काढून टाकला. तिथीवरचे वाढदिवस, श्राद्धं, व्रतं आता दर दिवाळीत पंचांग समोर ठेवून पुढच्या वर्षापुरते भरायचे असं ठरलं, आणि ते काम आईचं. तिने लगेच सुनावलं, “पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे. गणपती १४ सप्टेंबरला. माझा वाढदिवस तुझ्या त्या आठ तारखेच्याही पुढे जाईल.” मावशींचे खाडे आणि दूध फोनातून पुसले. शेगडीवाल्यासारख्या नोंदींत आता नुसतं काम लिहीत नाही, घरी कोण थांबणार त्याचं नाव आधी लिहितो. फोनमधलं कॅलेंडर बंद केलं नाही. उगाच का करावं? कुर्ल्याच्या गर्दीत मला ते लागतंच. ओंकारचे पन्नास रुपये बंद केले नाहीत. त्याला दर रविवारी भिंतीवरच्या पानाचा फोटो काढून सगळ्यांना पाठवायचं काम दिलं, म्हणजे आता तो दुसऱ्याने लिहिलेलं वाचतो.

कपाटातलं कालनिर्णय दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, परत खिळ्यावर आलं. ओंकारने खिळ्यावरचा सुकलेला फुगा काढला. आईने सुतळीला नवी गाठ मारली. मावशींनी आपट्याचं पान दिलं, भांड्यांना लागण्याआधी एकदा पेन्सिल बोटांत धरून तिचं टोक बघितलं आणि ओंकारकडून शार्पनर मागून घेतला.

ऑक्टोबरात खाडे दोन झाले. दोन्ही फुल्या मावशींच्या हातच्या आहेत. तीन हजार पूर्ण दिले; त्यांनी दारात मोजले नाहीत.